वाटूरची फिरत्या चक्राची बंदूक आणि कुंकवाचे ठिपके

प्रवीणचं रिव्हॉल्वर सगळ्यांना आवडलं, त्या क्षणी माझं जालन्याला जायचं ठरलं होतं. त्याचं आमंत्रण आलं ते नंतर.

आम्ही काही जण, निम्मे परदेशातले, लढायांच्या एका व्हिडिओ गेममध्ये फावल्या वेळात जुनी रिव्हॉल्वरं आणि फिरत्या चक्राच्या बंदुका कंप्युटरवर बनवून घालत होतो. पगार शून्य. मिळायचं ते गेमच्या शेवटी येणाऱ्या यादीत नाव, आणि मला ते नाव हवं होतं. पुण्यात माझ्याकडे ब्रॉडबँड, नवाकोरा कंप्युटर, ग्राफिक्सचा महागडा कोर्स. प्रवीण जालन्यात वडिलांच्या हार्डवेअरच्या दुकानात खिळे विकता विकता हे करायचा, तेही फोनच्या रडक्या नेटवर. तरी आमच्या जर्मन म्होरक्याने त्याचं रिव्हॉल्वर पहिल्या फटक्यात घेतलं आणि माझी दोन्ही परत पाठवली. जळफळाट म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं.

आता एक लांब बंदूक हवी होती, चांगली आणि लवकर. प्रवीणने मला चॅटवर लिहिलं, "वाटूरला वडिलांच्या एका गिऱ्हाइकाकडं फिरत्या चक्राची जुनी बंदूक हाय. खंडेनवमीला पूजेत निघती. ये बघायला." दुसऱ्या कुणी असा खजिना दाखवला असता का? मला मात्र त्याच्या मोठेपणाचाही राग आला. मित्राचा डिजिटल कॅमेरा घेतला आणि रात्रीची एसटी पकडली.

जालना स्टँडवर प्रवीण मोटरसायकल घेऊन हजर. आधी दुकानात नेलं. तराजू, पाने, करवती, सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडूची फुलं. कोपऱ्यात त्याचा कंप्युटर, त्यालाही ठसठशीत टिळा.

"हे पण पूजेत?" मी विचारलं.

"मंग? रोटी त्याच्यावर न्हाई, पण हत्यार तर हाय ना आपलं. आता उद्या दसरा झाल्याबिगर हात न्हाई लावायचा."

मी वरवर हसलो. आत हिशोब झाला होता: त्याचा कंप्युटर उद्यापर्यंत बंद, माझा मोकळा.

मंठ्याच्या रस्त्याने निघालो. रस्ता बरा, मधले काही तुकडे कंबर मोडणारे. दोन्हीकडे कापूस फुटायला लागलेला. वाटूर फाट्यावर गरम भजी आणि गोडमिट्ट चहा घ्या, दोघांचं मिळून एका पुणेरी सँडविचइतकंही बिल होत नाही. तिथून बंदुकीचे मालक बापूकाका यांचं घर जवळच. नवं स्लॅबचं घर, दारात ट्रॅक्टर, त्यालाही हार.

देवघरापुढे लाल कापडावर तलवार, कोयते, विळे, आणि मधोमध ती. लांब नळी, मागे चार कप्प्यांचं पितळी चक्र, एक बार उडाला की हाताने फिरवून पुढचा कप्पा समोर आणायचा. मी तर बघतच राहिलो. इतकी देखणी वस्तू आधी प्रवीणच्या ओळखीत निघावी, माझ्या नाही, हेही तेवढ्यात मनात आलंच.

बापूकाकांच्या बायको, आम्ही त्यांना काकूच म्हणालो, चक्रावर काडीने कुंकवाचे ठिपके लावत होत्या. एकेका कप्प्याला एक.

"काकू, बराबर तिथंच का लावता?" प्रवीणने विचारलं.

"सासूबाई तिथंच लावायच्या बाबा. म्या बी लावते."

मी घड्याळ बघत होतो. फोटो काढले, मग विचारलं, "काका, जरा उचलून दुसऱ्या अंगाने बघू?"

"न्हाई न्हाई," बापूकाका म्हणाले. "पूजेतलं हत्यार आज हलवत न्हाईत. उद्या सोनं वाटून आलो की पुसून ठेवतो आपण, तवा घ्या हातात. राहा ना, घर काय लहान हाय का?"

काकूंनी धपाटे, दही, ठेचा वाढला. प्रवीण हात पुसत म्हणाला, "मी राहून राह्यलो यार. तू पण थांब."

मी ऑफिसचं कारण सांगितलं. ऑफिसला दसऱ्याची सुट्टी होती. तिसऱ्या धपाट्यावर उठलो, फाट्यावर जालन्याची गाडी पकडली आणि तिथून पुणे. वाटभर माझं एकच चाललं होतं: हा बसू दे तिथे आपट्याची पानं वाटत.

दसऱ्याला दिवसभर काम केलं. फोटोतली हळद, फुलं, कुंकू एकेक करून पुसलं. चक्र लख्ख केलं. न दिसलेली बाजू दिसलेल्या बाजूवरून उलटवून घेतली. संध्याकाळी बंदूक पाठवली तेव्हा प्रवीणचा मागमूस नव्हता. श्रीखंड काय गोड लागलं सांगू!

जर्मनाचं उत्तर दोन ओळींचं होतं. दिसायला छान, पण ही पेटते कुठून? बत्ती लावायचं भोक एकाही कप्प्याला नाही.

मी मूळ फोटो मोठा करून बघितला. जिथे कुंकू होतं तिथेच भोकं होती. वर्षानुवर्षांच्या तेला-कुंकवाने ती बुजत आली होती, आणि उरलेली मी माझ्या हाताने पुसली होती. प्रवीणने दसऱ्याला बापूकाकांबरोबर बसून ते चक्र रॉकेलच्या बोळ्याने साफ केलं, तेव्हा चारही भोकं उघडी पडली. त्याची बंदूक आठवड्याने आली आणि लगेच घेतली गेली. यादीत त्याने फोटोंसाठी माझं नाव घातलं, स्वतःच्या खाली. आभार मानायला मला दोन दिवस लागले.

वाटूरला जाणार असाल तर दसरा धरून जा, आणि मुक्कामाच्या तयारीने जा.

परवा गेम सुरू केला आणि ती बंदूक हातात घेतली. वाटलं, निदान एखादी चूक तरी सापडेल. चक्र फिरवलं. प्रत्येक भोकाच्या कडेला, अगदी नीट बघितलं तरच दिसेल इतका पुसट लाल रंग त्याने राहू दिला होता. समोरून शत्रू येत होता आणि मी बार टाकायचा सोडून ते लाल बघत बसलो. हे मला का नाही सुचलं?

मेलो. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तीच बंदूक घेतली.