पदराआडून मेंढीकोट

आमच्या भायांना माणसाचं तोंड वाचता येतं, असा त्यांचा गावात लौकिक होता. भाया म्हणजे माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ. मारुतीच्या देवळापुढच्या पारावर मेंढीकोटाचा डाव पडला की समोरच्याकडं हुकूम आहे की नुसतीच फुशारकी, हे त्यांना त्याच्या भुवया बघून कळायचं. माझा नवरा त्यांचा भिडू. शेतात दोघे भाऊ बांधाच्या एका दगडावरून दिवसभर अबोला धरतील, पण पारावर त्यांचं असं जमायचं की गावात त्यांना कुणी हरवल्याचं मला आठवत नाही.

आम्ही दोघी जावाही खेळायचो, पण गोठ्यात. हळद शिजवून, वाळवून झाली किंवा श्रावणात निंदण उरकलं, की दुपारी आळीतल्या बायका आमच्या गोठ्यात जमायच्या. बाहेर पुरुषाचा आवाज आला की पत्ते गोवऱ्यांच्या पाटीखाली जायचे. मला मेंढीकोट माहेरी वडिलांनी शिकवला आणि थोरल्या जाऊबाईंना मी. मी त्यांना अक्का म्हणते. अक्का बोलायला कमी, पण बाहेर पडलेला पत्ता त्या विसरायच्या नाहीत. वर्षभरात शिष्यीण गुरूच्या वरचढ झाली.

पण गोठा तो गोठाच. पारावर बसणं सोडाच, पारासमोरून जाताना बाईनं पदर पुढं ओढायचा, मान खाली घालायची आणि भराभर निघून जायचं, ही आमच्याकडची रीत. मला या रितीची मनस्वी चीड होती. घरात मी आदळआपट करायची. अक्का म्हणायच्या, "भांड्यांवर काहून राग काढतीस, त्यांनी काय केलं?"

अक्कांचा मुलगा जवळा बाजारला लग्नाचं शूटिंग करतो. चार-पाच कॅमेरे, एक ड्रोन आणि मांडवात लावतात तो मोठा पडदा, असा त्याचा संसार. पावसाळ्यात लग्नं बंद होतात आणि तो गावी येऊन लोळत पडतो. असाच एकदा पडल्या पडल्या तो टीव्हीवर काहीतरी बघत होता. हिरव्या टेबलाभोवती माणसं बसलेली, कुणाच्या डोळ्यांवर काळा चष्मा, कुणाची टोपी नाकापर्यंत ओढलेली. कुणी हलेना, कुणी बोलेना.

"हे काय मयतीला बसलेत का?" मी विचारलं.

"पोकर हाय काकू. पत्त्याचा खेळ. जगभर लोक बघून राहिलेत."

पत्ते म्हटल्यावर मी हातातलं सूप खाली ठेवलं. पुतण्यानं समजावून सांगितलं. "ह्या खेळात आधी बघण्यासारखं काहीच नव्हतं. पत्ते खेळणाऱ्याच्या मुठीत, बघणाऱ्यानं काय त्याचं टक्कल बघावं? मग कुणीतरी टेबलात काच बसवली, खालून कॅमेरा लावला. सगळ्यांचे पत्ते घरबसल्या दिसाया लागले आन् लोक येडे झाले."

"म्हंजे आपला पारच की. खेळणारे चार आन् पाठीमागून डोकावणारे चाळीस."

"व्हय. फक्त टीव्ही समद्यांच्याच पाठीमागं बसतो."

त्यानंतर मी रोज बघायला लागले. मला इंग्रजी येत नाही आणि त्या खेळाचे नियम आजही धड कळत नाहीत. पण एवढं कळत होतं की या टोपीवाल्याकडं काही नाही आणि तो थाप मारतोय, आणि त्या चष्मेवाल्याकडं सगळं आहे तरी तो घाबरलाय. हे आपल्याला ठाऊक आणि त्या दोघांना नाही, यात अशी गोडी होती की भाजी करपली तरी उठवेना. मीच एकदा पुतण्याला म्हणाले, "मेंढीकोटाचं काहून न्हाई करत असं?" तो उठून बसला. मी सहज म्हणाले होते, त्याच्या डोक्यात मात्र ते रुतलं.

मोडक्या शोकेसची काच टेबलात बसली, खालून कॅमेरे लागले आणि हातातले पत्ते काचेवर पालथे टेकवून खेळायचं ठरलं. ग्रामपंचायतीच्या जुन्या खोलीत टेबल लागलं. देवळापुढं ताडपत्रीचा मांडव घालून त्यात तो लग्नाचा पडदा उभा राहिला. आजूबाजूच्या गावांतून, तांड्यावरून जोड्यांनी नावं दिली. पैशाचा खेळ नाही, जिंकणाऱ्याला फेटा आणि नारळ, एवढंच ठरलं. त्या यादीत अक्कांनी आमच्या दोघींची नावं घातली. मला विचारलंही नाही.

गावभर बोभाटा झाला. भायांनी माझ्या नवऱ्यामार्फत निरोप धाडला, कारण धाकट्या भावजयीशी थेट बोलायचं नसतं. मीही इतक्या वर्षांत त्यांच्याशी एक शब्द बोललेली नव्हते. त्यांच्यासमोर पदर डोक्यावर आणि बोलणं भिंतीशी. निरोप असा होता, की खेळायचं तर मर्यादेनं बसायचं, पदर कपाळाच्या खाली. आणि हरल्या तर गोठ्यातले पत्ते चुलीत. पुन्हा घरात पत्ता दिसायचा नाही.

"आन् जिंकलो तर?" अक्कांनी विचारलं.

नवरा गडबडला. जिंकण्याचं काही ठरलेलंच नव्हतं. अक्का त्याला म्हणाल्या, "त्यांना सांगा, जिंकलो तर दर इतवारी दुपारी पार बायांचा."

त्यानं ते पारावर जाऊन सांगितल्यावर तिथं जो हशा पिकला तो आम्हाला घरात ऐकू आला. हसता हसता भायांनी चारचौघांत कबूल केलं. मला रडू आलं, रागानं. अक्का मात्र खुशीत होत्या. म्हणाल्या, "चारचौघांत बोललेत. आता माघार न्हाई."

खेळाला बसलो तेव्हा माझ्या लक्षात आलं की भायांनी आपल्या हातानं आम्हाला काय देऊन ठेवलंय. टीव्हीवरची ती माणसं तोंड दिसू नये म्हणून काळे चष्मे विकत घेतात, टोप्या ओढतात. आम्हाला तर पदर घ्यायचा हुकूमच होता. कपाळाच्या खाली म्हटलं होतं, आम्ही हनुवटीपर्यंत ओढला. समोरचे गडी आमच्या तोंडाकडं बघायचे आणि त्यांना साडीची नक्षी दिसायची. एकामागून एक जोड्या आम्ही घरी पाठवल्या. मांडवातल्या बाया आधी पदराआड हसत होत्या, मग उघड ओरडायला लागल्या.

तो ओरडा मात्र भलत्याच्या कामी आला. पंखा बंद पडला की खोलीची खिडकी उघडावी लागे आणि मांडवातला आवाज सरळ आत येई. भायांनी ते बरोबर हेरलं. तांड्यावरच्या जोडीशी खेळताना ते एका पत्त्यावर बोट ठेवायचे आणि थांबायचे. बाहेरून "अरारा" आलं की तो पत्ता सोडून दुसरा टाकायचे. तांड्यावरचे दोघे हरले आणि चिडले. त्यांचं चिडणं रास्त होतं. पुतण्यानं बापाची भीड ठेवली नाही. त्यानं मशीनवर काहीतरी फिरवलं आणि भोंग्यावरून सांगितलं, की आता मांडवातलं चित्र थोडं मागून येईल, खोलीत हात होऊन गेल्यावर तो बाहेर दिसेल. हे त्यानं पुन्हा पुन्हा सांगितलं. आम्ही नीट ऐकलं. भाया तेव्हा पडद्यावर दाखवायला मिशांचा फोटो काढून घेत होते.

शेवटचा सामना आमच्याच घरातला झाला. मी आणि अक्का समोरासमोर, मधल्या दोन बाजूंना दोघे भाऊ. माझ्या अंगाला लागून भाया, आणि त्यांच्याशी बोलायचं तर नाही. त्यांनी बंद हुकूम ठेवला, म्हणजे हुकमाचा पत्ता पालथा घातला, की तो उघडायला सांगायची पंचाईत. मग मी पदरातून म्हणायची, "अक्का, म्हणावं हुकूम उघडा." अक्का भायांना सांगायच्या, "ती म्हणती हुकूम उघडा." भाया माझ्या मांडीपाशी बसून हा निरोप पलीकडून घ्यायचे. मांडव हसून लोळत होता, जरा उशिरानं.

डाव बरोबरीत आले आणि शेवटचा डाव उरला. मेंढीकोटात दश्शीला मेंढी म्हणतात, चारातल्या ज्याच्याकडं जास्त मेंढ्या तो जिंकला. दोन आमच्याकडं आल्या होत्या, एक त्यांच्याकडं. चौथी, बदामाची, अजून बाहेर होती. ती त्यांना मिळाली तर बरोबरी, आणि बरोबरीत ज्याचे हात जास्त त्याचा डाव. हात त्यांचेच जास्त होते. म्हणजे सगळं त्या एका पत्त्यावर आलं होतं. माझ्याकडं बदामाची राणी होती आणि तिच्यावरचे एक्का-राजा पडून गेले होते. मेंढी भायांकडं आहे, हे मी ओळखलं होतं.

तीन-तीन पत्ते उरले. नवऱ्यानं किलवरचा राजा उतरवला. मी बारकं किलवर टाकलं. पाळी भायांची. त्यांच्याकडं किलवर संपलेलं. भावाचा हात मोठा होता, त्यावर मेंढी टाकली की डाव त्यांचा. भीती एकच. एक हुकूम अजून बाहेर होता आणि त्यांच्यानंतर अक्कांची पाळी होती. तो हुकूम अक्कांकडं असला तर त्या मेंढी कापून नेणार. माझ्याकडं असला तर काही भीती नाही, माझा पत्ता पडून गेला होता.

तो माझ्याकडं होता.

भायांनी अक्कांकडं बघितलं. पदर. माझ्याकडं बघितलं. पदर. ज्या माणसानं आख्ख्या तालुक्याची तोंडं वाचली, त्याला स्वतःच्या घरातल्या दोन बायांचं काही वाचता येईना. त्यांनी मेंढीवर बोट ठेवलं. पत्ता अर्धा वर काढला. मला चुलीत जळणारे पत्तेच दिसायला लागले. तेवढ्यात खिडकीतून बायांचा गलका आला, "अक्काकडं हाय, अक्काकडं हाय हुकूम."

बाहेर मागचा हात दिसत होता. तेव्हा अक्कांकडं हुकूम होता खरा, आणि तो त्यांनी वापरूनही टाकला होता. पण बाहेरचं चित्र मागून येतं हे भाया विसरले होते की त्यांनी ऐकलंच नव्हतं, देव जाणे. त्यांनी मेंढी आत सरकवली आणि चौकटची पंजी टाकली. अक्कांनी शांतपणे एक किलवर टाकलं. नवऱ्यानं हात उचलला, रिकामा.

मग त्यानं चौकट उतरवली. मी हुकमानं कापली. माझा हुकूम टेबलावर बघून भायांचा हात तसाच थांबला. शेवटचा पत्ता मी टाकला, बदामाची राणी. आता त्यांच्याकडं एकच पत्ता होता आणि तो टाकण्यावाचून इलाज नव्हता.

डाव आम्ही जिंकला आणि कुणी ओरडलं नाही. बाहेर अजून कुणाला माहीतच नव्हतं. आम्ही चौघं त्या टेबलाभोवती बसलो होतो, मांडवात मागचे हात चालू होते आणि लोक भायांना मोठमोठ्यानं सांगत होते, टाका, टाका ती मेंढी, बायकोकडं काही न्हाई. भायांनी ते सगळं ऐकलं. पहिल्यांदा माझा नवरा हसला. मग मांडवात शांतता झाली, म्हणजे चौकट कापली गेली असणार. आणि मग जो आवाज उठला तो मी जन्मात विसरणार नाही. बाया किंचाळत होत्या, कुणी ताट बडवत होतं, कुणी माझ्या माहेरच्या गावाच्या नावानं जयजयकार करत होतं. आमची जीत आम्ही बसल्या जागेवरून चालत येताना ऐकली.

पुतण्यानं बक्षीस म्हणून फेटे आणले होते. बाया जिंकतील हे त्या पठ्ठ्याच्याही डोक्यात नव्हतं. फेटा बांधायचा म्हणजे पदर खाली घ्यावा लागतो. अक्का क्षणभर थांबल्या, मग सगळ्या गावासमोर त्यांनी पदर खांद्यावर घेतला आणि लेकाला म्हणाल्या, "बांध. घट बांध, सुटायला नको." पुढं वसमतकडच्या दोन-तीन गावांनीही पुतण्याला असे सामने भरवायला बोलावलं. तिथल्या बाया पदर ओढून बसतात म्हणे, आणि पुरुष त्याला हरकत घेतात. हे ऐकून मी पोट धरून हसले.

इतवार आला. दुपारी आम्ही आळीतल्या सगळ्या जणी पत्ते घेऊन निघालो. पारावर पुरुष बसलेले होतेच, बघू या येतात का म्हणून. भाया उठले. बाकीच्यांना म्हणाले, "उठा. जबान दिलीय." आणि सगळ्यांना घेऊन ते देवळाच्या मागं गेले. तेवढ्यापुरता त्यांचा मला आदर वाटला.

मी टुणकन वर चढले. अक्कांना हात दिला. त्या मधोमध बसल्या, पाय खाली सोडले आणि समोर बघायला लागल्या. मी पत्ते पिसले, तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

"काय झालं, अक्का?"

"इथून आपलं दार दिसतं गं," अक्का म्हणाल्या. "पार चुलीपर्यंत. तू शिकवलंस त्या दिवसापासून मी ह्यांना चोरून पत्ते खेळत हुते. हे रोज इथं बसून गोठ्याचं दार आतून लागलेलं बघत हुते."

मी वळून बघितलं. खरंच दिसत होतं, गोठ्याचं दारसुद्धा. अक्का हसत सुटल्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग तोंड पुसलं, पदर कमरेला खोचला आणि म्हणाल्या, "पत्ते वाट. आता त्यांना काय बघायचं ते बघू दे."