दगडूतात्यांचा झरोका

आज मी घरापासून दोन दिवसांच्या रेल्वेवर, परक्या भाषेच्या गावात सोनं गाळून पोट भरतोय, ते विट्याच्या दगडूतात्यांमुळं. हे नाव आधी लिहून ठेवतो. पुढचं वाचल्यावर कुणी म्हणेल, याला ते नाव घ्यायचा हक्क नाही. म्हणेल ते बरोबरच असेल.

मी म्हसवडकडचा. सातवीत शाळा सुटली. काही दिवस मेंढरांमागं, मग दुष्काळी कामावर खडी फोडायला, आणि विसाव्या वर्षी विट्यात गवंड्याच्या हाताखाली. तात्यांच्या घरी गिलाव्याला गेलो तेव्हा हाडकुळा, उघडाबंब माणूस पेटलेली उदबत्ती धरून भिंतीच्या कडेकडेनं फिरताना दिसला. मला वाटलं, पूजा चाललीय. पण त्यांची नजर धुरावर होती.

"हितं धूर हुभा ऱ्हातोय," ते माझ्याकडं न बघताच म्हणाले. "म्हंजे हितला मासा दुपारच्याला तोंड वर काढणार."

आठ बाय दहाची पत्र्याची खोली. तीन भिंतींना लोखंडी अँगलच्या चौकटीत काचा बसवून केलेल्या पेट्या, आणि त्यांत गप्पी, काळ्या मॉली, दोन सोनेरी मासे. विट्यात तेव्हा मासा म्हणजे कालवणातला. त्यामुळं लोक तात्यांना हसायचे. 'तात्या, रस्सा कवा?' हे रोजचंच. तात्याही शांतपणे सांगायचे, की तुझ्या बाराव्याला करू.

तात्यांनी पंचवीस वर्षं गलाईचं काम केलं होतं, म्हणजे सराफांचं सोनं तेजाबात उकळून शुद्ध करायचं. दूरच्या शहरात, बिनखिडकीच्या खोलीत. तेजाबाच्या वाफेनं छाती गेली तेव्हा मालकानं त्यांना घरी धाडलं. तिथल्या शेजारच्या दुकानातली माशांची काचपेटी तेवढी डोळ्यांत घेऊन ते आले. जिना चढताना ते तीनदा थांबत. पण वाऱ्याचं जेवढं त्यांना कळे, तेवढं मला कुणात दिसलं नाही.

खोलीत उत्तरेला जमिनीलगत एक खिडकी होती आणि समोरच्या भिंतीत पत्र्याखाली एक झरोका. खालून गार हवा यायची, तापलेली वरून जायची. पत्र्यावर उसाचं पाचट अंथरलेलं, त्यावर दुपारी दोन घागरी पाणी. खालच्या खिडकीला ओलं पोतं. एकदा उन्हाची झळ लागते म्हणून मी शहाणपणानं झरोक्यालाही ओलं पोतं लावलं. घरात आम्ही तसंच करतो, सगळं बंद करून गारवा धरून ठेवतो. तासाभरात खोलीत भाताच्या पातेल्यासारखी वाफ झाली आणि मासे पाण्याच्या वर तोंडं उघडून हापायला लागले. तात्यांनी पोतं ओढून काढलं. रागावले नाहीत, समजावून सांगितलं.

"वारा पावणा हाय गड्या. म्होरनं आला की त्याला मागल्या दारानं जाऊ द्यावं. न्हाई जाऊ दिलं तर त्यो घरातच बसतोय, आन घरच्यांचा जीव खातोय."

त्यांनी मला ठेवून घेतलं. तात्यांच्या बायकोनं, काकींनी, ताट वाढताना जात विचारली नाही, भूक विचारली. परसात मातीची छोटी भट्टी करून तात्यांनी मला वितळलेल्या धातूची मूस धरायला शिकवलं, पितळ वितळवून हात बसवला. मग पुतण्याकडं, संपतरावांकडं, शब्द टाकला. संपतरावांचं दक्षिणेत गलाईचं दुकान होतं. पोरगं हाताचं खरं हाय, एवढंच तात्या म्हणाले.

त्याच साली संपतराव तात्यांच्या घराला लागून नवं बांधकाम करत होते. झरोका नेमका त्यांच्या नव्या सैपाकघरात निघत होता. माशांचा वास येतोय, बुजवा, असं त्यांनी दोनदा सांगून पाहिलं. तात्यांनी कौलाच्या नळ्यानं हवा वर न्यायची तोड सुचवली, ती त्यांनी ऐकलीच नाही.

फाल्गुनात तात्या सांगलीला छातीचा फोटो काढायला गेले. संपतराव त्या सकाळी मला म्हणाले, "त्ये भोक आज बुजव. सोमवारी माझ्यासंगं गाडीत बसायचं हाय न्हवं तुला?"

मी नको म्हणू शकलो असतो. दुसरा गवंडी त्यांनी आणला असता आणि मला इथंच सोडलं असतं. पुन्हा खडी फोडायला जायच्या भीतीनं मी थापी उचलली. अकरा विटा लागल्या. विटांमधल्या दर्जा सिमेंटनं भरून मी घमेलं धुतलं, तोवर तात्यांची एस.टी. आली होती.

तात्या खोलीत गेले. उदबत्ती लावावी लागली नाही. भिंतीला बोट लावून म्हणाले, "वलं हाय अजून." मग कोपऱ्यातली पहार आणून त्यांनी माझ्यापुढं भिंतीला टेकवली आणि खाली बसून दम खात राहिले. ते काही मागत नव्हते, फक्त वाट बघत होते.

"तात्या, सोमवारी निघायचंय," मी म्हणालो.

"मग जा," ते म्हणाले. "आन ततं गेल्याव आदी वर बघ. भट्टीवर हवा जायला वाट नसंल तर एक दिस ऱ्हाऊ नगं. माझ्यावानी हुशील."

मी इथं आल्याबरोबर वर बघितलं. भट्टीवर हातभर रुंद धुराडं आहे, वर विजेचा पंखासुद्धा. संपतरावांना हवेचं सगळं कळतं. कळत होतं, आणि तरी मला विटा लावायला सांगितल्या. आणि मलाही कळत होतं, तात्यांनीच शिकवलेलं.

काकींनी शेजारच्या पोरीकडून पत्र लिहून घेतलं. चैत्रातच मॉली गेल्या. पेट्या अंगणात काढल्या तर पाणी हिरवं झालं, राहिलेले मासे मांजरानं नेले. एक सोनेरी मासा तेवढा उरलाय, त्याच्या पेटीशेजारी तात्या दिवसभर पुठ्ठ्यानं वारा घालत बसतात. दुपारी त्यांना स्वतःलाच धाप लागते, तेव्हा काकी पुठ्ठा घेतात. माझ्याविषयी तात्या एवढंच विचारतात, पोराला खोकला न्हाई न्हवं?

मला खोकला नाही. तात्यांच्या जिवावर माझी छाती साफ आहे, हे मी उत्तरात लिहू शकलो नाही. खुशाल आहे, एवढंच लिहिलं.

दिवाळीला सुट्टी मिळो न मिळो, मी येणार. संपतरावांनी काढून टाकलं तर टाकू देत. आता सिमेंट घट्ट झालं असेल, त्या अकरा विटा बोटानं निघायच्या नाहीत, दिवस मोडेल. तात्या, तोवर तेवढा श्वास धरून ठेवा. त्या भिंतीला पहिला घाव माझाच असेल.