कुठून आलास, कुठं चाललास

चितेगावच्या आमच्या कंपनीतले डिझाइनचे नकाशे बाहेर फुटले आणि संशय माझ्या गेटवरच्या कॉम्प्युटरवर आला. मी सातवीत शाळा सोडलेला वॉचमन, गाव पार चंद्रपूरकडचं. नोकरी गेली तर जाणार कुठे?

तपासाला आलेले साहेब शेंगदाणे चघळत बसायचे. नेटवर्कवरून गेलेल्या माहितीची पकडून ठेवलेली एकेक नोंद पाहत पुटपुटायचे, "कुठून आलास बाबा? कुठं चाललास?"

तिसऱ्या दिवशी मालकाला सांगण्याआधी ते माझ्याकडे गेटवर आले. "तुझं मशीन लई गरीब हाय. नकाशे कॅमेऱ्याच्या रेकॉर्डरमधून गेले. आता तरी जेव."

माझा डबा रोज भरलेलाच परत जातो, हेही त्यांनी टिपलं होतं.

अजूनही ते अधूनमधून कंपनीत येतात. मी गेटवरची नोंदवही उघडायच्या आत म्हणतात, "हडको कॉलनीतून आलो, आत चाललो. लिही."