घरातली एकच हर्षा

सासूने नाव हिसकावलं त्याला तीस वर्षं झाली, पण हर्षाने एक दिवसही तिला माफ केलं नाही. आणि का करावं?

तिचा जन्म उमरेडचा, विणकराच्या घरातला. आठ महिने बंद पडलेला बापाचा माग ती जन्मली त्याच दिवशी पुन्हा चालू झाला, म्हणून बापाने हौसेने हर्षा नाव ठेवलं. लग्न होऊन ती हुडकेश्वरला आली. नवरा ताटातल्या तांदळात अंगठीने तिचं नाव काढणार, तेवढ्यात सासू चंद्रकलाबाई मध्येच म्हणाल्या, "जया लिही. या घरात हर्षा एकच, माही पोरगी!" आधीच सासरी गेलेल्या नणंदेचंही माहेरचं नाव हर्षा होतं. नवऱ्याने मुकाट्याने जया लिहिलं आणि मोकळा झाला.

हर्षाने मनात खुन्नस धरली. पुढे ती जवळच्या एका प्रसूतिगृहात आया म्हणून लागली. मुलगी झाली की तिला अंघोळ घालता घालता म्हणायची, "हर्षा ठेवा वं बाई, लय लाभते हे नाव." नावांच्या फॅशनी आल्या अन् गेल्या, हर्षा टिकून राहिली. गल्लीत कुणी हर्षा म्हणून हाक मारली की चार पोरी धावत. ओट्यावर बसलेल्या चंद्रकलाबाईंचं तोंड कडू व्हायचं, आणि त्या दिवशी आमच्या बाईला जेवण गोड लागायचं.

पण दुसऱ्यांच्या घरच्या हर्षांनी तिचं समाधान होईना. तिला ते नाव याच घरात हवं होतं.

मुलाला, अंकुरला, मुलगी झाली. सून प्रीतीने नावाला आनंदाने होकार दिला. बारशाला आत्या म्हणून हर्षाच्या मुलीने, प्रणालीने, बाळाच्या कानात कुर्र केलं आणि मोठ्याने म्हणाली, "हर्षा!"

चंद्रकलाबाई उसळल्या. "हे नाव काहून? या घरात हर्षा एकच!"

"कुठं आहे हर्षा?" हर्षाने विचारलं. "तुमच्या पोरीले तिच्या सासरच्यांनी कामिनी केलं. मले तुम्ही जया केलं. तीस वर्षं या घरात एकही हर्षा नव्हती, आई. आता मारा हाक."

चार बायकांसमोर पणतीला हाक मारायला नाही कसं म्हणणार? चंद्रकलाबाईंनी पाळण्याची दोरी धरली. बारीक आवाजात म्हणाल्या, "हर्षा..."

बाळ झोपलं होतं. हर्षाने खणखणीत ओ दिली. आणि कोपऱ्यात बसलेल्या नणंदेनेही.