आमची लेक दूधभात

पालघरच्या समुपदेशक मॅडमनी माझ्या लेकीच्या अडचणीचं नाव सांगितलं, ते इतकं लांबलचक होतं की शेवटापर्यंत माझंच लक्ष टिकलं नाही. मथितार्थ एवढाच, की अक्षरं तिच्याशी फटकून वागतात आणि चित्त थाऱ्यावर नसतं. चित्त तर तिच्या बापाचंही थाऱ्यावर नसतं, पण त्याला कंपनीने सुपरवायझर केलंय.

मग शाळेतल्या बाईंनी वर्गाला उपदेश केला, तिला समजून घ्या म्हणून. झालं! बोईसरच्या आमच्या कॉलनीतली पोरं, जी एरवी एकमेकांची डोकी फोडतात, ती एकदम संतपदाला पोचली. डबा ऐसपैसमध्ये लेकीला कायमचं दूधभात करून टाकलं. म्हणजे खेळायचं, पण आउट व्हायचं नाही, राज्यही घ्यायचं नाही. ती लपली तरी कुणी शोधायचं नाही. एकदा ती जिन्याखाली लपून बसली, तर बाकीचे खेळ संपवून जेवायला घरी गेले. त्या रात्री ती जेवली नाही. शेजारणी मात्र म्हणायच्या, 'किती सांभाळून घेतात हो तिला!' माझी तळपायाची आग मस्तकात जायची.

मे महिन्यात किनाऱ्यावरच्या मुरबे गावाहून एक कार्टी कॉलनीतल्या तिच्या मामाकडे राहायला आली. तिने पहिल्याच डावात लेकीला जिन्याखालून ओढून काढलं. बाकीचे ओरडले, 'तिला सोड, ती दूधभात आहे!'

'मंग खेलते कशाला? आमच्यात असला काय नाय. राज्य घे गो!'

डबा लांब भिरकावला गेला. लेक तो आणायला धावली आणि वाटेत तिला रस्ता खोदणारा जेसीबी दिसला. संपलं. ती तिथेच उभी. इकडे सगळी पलटण पाण्याच्या टाकीमागे डासांना रक्तदान करत बसलेली. दिवे लागले तेव्हा पोरं बाहेर आली आणि लेकीच्या नावाने असा शिमगा केला, की मला तिसऱ्या मजल्यावर ऐकू आला. मुरब्याची कार्टी सगळ्यांत पुढे. 'डोकं हाय का खोकं? उद्यापण राज्य तुझ्यावरच!'

लेक हुंदके देत घरात आली. मी लाटणं टाकलं, चपला चढवल्या. एकेकाला बघूनच घेते म्हटलं. तर ती दारात आडवी.

'आई, तू खाली जाऊ नको,' ती नाक पुसत म्हणाली. 'तू गेलीस की ते परत नीट वागायला लागतील.'