फॅशनताईच्या बाबांची कंबर

फॅशनताई हे काही तिचं खरं नाव नव्हे. दुकानाच्या पाटीवर रंगारी 'फॅशन' एवढं लिहून चहाला गेला तो गेलाच, पुढचे शब्द राहिले आणि गल्लीने तेवढंच तिला चिकटवलं. ती स्वतः दोन विटक्या गाऊनांवर वर्ष काढायची. गळ्यात टेप, तोंडात टाचण्या, आणि टाचण्या असल्या तरी तोंड चालूच.

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. शिवणकाम तिला आईने शिकवलं आणि त्याबरोबर धंद्यातली एक खोडही लावली. गिऱ्हाइकाला खरं माप सांगायचं नाही. बाई सुटली असेल तर टेपवर अंगठा ठेवायचा, आकडा मागच्याच खेपेचा मोठ्याने म्हणायचा आणि कापताना मात्र सढळ हाताने कापड सोडायचं. कपडा अंगात नीट बसतो, बाई खूश, आरसा खूश. मायलेकींनी वर्षानुवर्षं अख्खी गल्ली अशी सडपातळ ठेवली होती.

मग आई गेली, आणि बाबा वाळायला लागले.

बाबा बसस्टँडवर माइकवरून गाड्या पुकारायचे. रिटायर झाले तरी घसा ड्यूटीवरच होता. 'आंघोळीला जात आहे' हेसुद्धा ते अशा आवाजात सांगत की समोरचा न्हावी वस्तरा थांबवून ऐके. पण आई गेल्यावर जेवणाची घोषणा बंद झाली. ताटावर बसायचं, बटाट्याची एक फोड इकडून तिकडे सरकवायची आणि उठायचं. गालफडं बसली. मनगटावरचं घड्याळ कोपरापर्यंत फिरून येऊ लागलं. एका हाताने विजार धरून दुसऱ्या हाताने पेपर वाचायची पाळी आली. पट्टा त्यांनी जन्मात लावला नव्हता. बायकोने मापात शिवलेल्या विजारीला पट्टा लावणं त्यांना तिचा अपमान वाटे.

डॉक्टरांनी त्यांना काट्यावर उभं केलं आणि मान हलवली. "ताई, रोग काही नाही. पण पुढच्या खेपेला वजन वाढलेलं दिसलं नाही, तर भरती करून नळीने भरवावं लागेल. असंच चाललं तर माणूस हातचा जाईल."

फॅशनताईने डॉक्टरांपुढे हात जोडले. बाबांना काही नाही. "काट्याचं काय घेऊन बसलात, डॉक्टर? आमच्या स्टँडवर एक होता. मला जेवढं वजन सांगायचा, तेवढंच टपालाच्या पोत्याला सांगायचा."

घरी आल्यावर तिने कंबर कसली. दुधात अंडं, अंड्यात लोणी, लोण्यात केळं. परगावी राहणाऱ्या थोरल्या भावाने फोनवरून सल्ला दिला, "बाबांना जरा सकस दे." "मग आत्तापर्यंत काय भुसा देत होते?" म्हणून तिने फोन आपटला. बाबा दोन घास गिळत आणि विजारीचा कंबरपट्टा पुढे ओढून दाखवत.

"बघ. उशी मावेल आत. खाऊन उपयोग काय? तुझी आई कधी काट्याला विचारत होती? तिला कंबरपट्टा बघून कळायचं."

झालं. धंद्याची खोड उफाळून आली. कंबरपट्ट्यावरच विश्वास आहे ना, मग कंबरपट्टाच बोलू दे! बाबा दाढीला समोर गेले की ही दोरीवरची विजार घेई, मागची शिवण उसवी आणि बोटभर आत घेऊन मशीन मारी. खरं सांगायचं नाही, खूश ठेवायचं. बाप झाला म्हणून काय, गिऱ्हाईकच की.

आणि गुण आला हो! एका सकाळी बाबांनी विजार चढवली, बटण लावताना श्वास ओढून धरला आणि गल्लीला ऐकू जाईल असं पुकारलं, "अंगाला लागतंय!" त्या दिवशी ते दोन अंडी खाऊन उठले. ताईच्या जिवात जीव आला. तिने आनंदाच्या भरात आणखी बोटभर आत घेतलं. तिथेच घोड्याने पेंड खाल्ली.

"आता पुरे," बाबांनी ताट दूर सारलं. "पोट सुटायला लागलं. तुझ्या आईला ढेरपोटे आवडायचे नाहीत."

अंडी बंद, लोणी बंद. हाडांचा सापळा झालेला तो माणूस जिन्यावरून वर-खाली पळून चरबी उतरवू लागला. ताईने कपाळाला हात लावला आणि घाईघाईने शिवण पुन्हा सैल केली, म्हणजे निदान भानावर येतील. विजार घसरली. बाबा हर्षभरित. "उतरलो! जिन्याची कमाल आहे!" म्हणून पळणं दुप्पट. पुन्हा घट्ट केली, तर जेवण निम्मं. सैल केली, तर व्यायाम जास्त. विजार कशीही वागली तरी जिंकायचे ते बाबाच. न्हाव्याच्या खुर्चीवर बसून ते येणाऱ्या-जाणाऱ्याला वजन वाढवण्याचे आणि लगेच उतरवण्याचेही सल्ले देऊ लागले, आणि लोक ते पाळूही लागले, कारण असा आवाज असलेला माणूस चुकीचं सांगेल असं कुणाला वाटत नाही.

डॉक्टरांच्या काट्याला आवाज कळत नव्हता. पुढच्या खेपेला वजन होतं त्याहून खाली गेलेलं. "येत्या सोमवारी भरती करा," ते एवढंच म्हणाले.

घराच्या दारातच फॅशनताईचा बांध फुटला. "मीच केलं हो, बाबा! तुम्ही जाड झाला नव्हता की बारीक झाला नव्हता. मी विजारी आत घेत होते नि बाहेर सोडत होते. तुम्ही खावं म्हणून!"

तिला वाटलं, आता स्टँडभर ऐकू जाईल असं ओरडतील. बाबा आत आले. दुकानाच्या मधोमध उभं राहून त्यांनी विजार काढली, उलटी केली आणि पट्ट्यापट्ट्यांच्या अर्ध्या चड्डीवर खिडकीशी गेले. उजेडात मागची शिवण बोटाने चाचपली.

"इथे तिची हातशिलाई होती."

तेव्हा कुठे ताईला आठवलं. आईचा मशीनवर भरवसा नव्हता. मागची शिवण ती मशीन मारल्यावर पुन्हा हाताने घालायची, बारीक, एकाला एक लागून. शेवटी डोळे अधू झाले तेव्हा सुईत दोरा बाबा ओवून देत. दोरा दर वेळी वीतभर लांबच निघे आणि ती म्हणे, 'गाडीला दोर बांधायचाय का?'

"सगळ्या उसवल्यास?" बाबांनी विचारलं.

"सगळ्या."

"आणि दोरा?"

ताईने चिंध्यांच्या पोत्याकडे बोट केलं. पुढच्या क्षणी बापलेक जमिनीवर, पोतं उलटं, आणि विजारीच्या रंगाच्या तपकिरी दोऱ्याचा शोध सुरू. ब्लाउज घालून बघायला आलेल्या मास्तरीणबाई उंबऱ्यातच थबकल्या. समोर चड्डीवरचे काका, डोक्यावर कुणाच्या तरी परकराची झालर.

"मी नंतर येते..."

"बसा!" बाबा गरजले. "दोरा शोधतोय!"

त्या आवाजापुढे शाळेतल्या बाईंचंही काही चाललं नाही. पदर खोचून त्याही बसल्या. तपकिरी दोरे ओंजळभर निघाले. पोरांच्या शाळेच्या चड्ड्यांचे, पडद्यांचे, कुणाकुणाचे. बाबांनी ते मांडीवर पसरले, एकेक उजेडात धरला आणि मग हळूच खाली ठेवला. एकही ओळखता येईना.

"तिच्या हातचं एवढंच होतं गं अंगावर," ते म्हणाले. ह्या वेळी आवाज खोलीबाहेरही गेला नाही. फॅशनताई हमसून हमसून रडली. मास्तरीणबाई ब्लाउज न घेताच गेल्या.

बाबा उठले आणि आतल्या खोलीत जाऊन कपाटात खुडबूड करू लागले. बाहेर आले ते लोकरीचा कोट घालून. बाहेर ऊन रणरणत होतं. आईने हा कोट ते चांगले गुबगुबीत होते तेव्हा शिवला होता. आता त्याचे खांदे दंडावर उतरले होते, बाह्यांतून बोटंही दिसत नव्हती. कोट एकटाच जेवायला आल्यासारखा खुर्चीत बसला.

ताईचा हात सवयीने टाचण्यांकडे गेला. "थांबा, बाबा, हा खांद्यात जरा..."

"खबरदार हात लावशील तर!" बाबा कडाडले. "हा बोटभरही आत घ्यायचा नाही. मी भरतो तो. ताट आण."

तिने ताट आणलं. बटाटे, अंडी, लोणी लावलेला पाव. बाबा बाह्या सावरत जेवू लागले. कपाळावरून घामाच्या धारा, चड्डीखाली दोन काटक्या पाय, आणि वर सगळी बटणं लावलेला कोट. घास तोंडात फिरत होता, अडत होता, ते पाण्याच्या घोटाबरोबर खाली ढकलत होते. मध्येच एकदा डोळे मिटून बसले. ताईला वाटलं, संपलं, आता उठणार. त्यांनी ताट पुसून घेतलं आणि कोटात खांदे हलवून पाहिले.

"वाढ अजून," ते म्हणाले. "खांदे रिकामे आहेत."

फॅशनताईने गाऊनच्या बाहीला डोळे पुसले आणि पातेलंच आणून त्यांच्यासमोर ठेवलं.