आभाळातल्या कॅप्टनचं लगीन

स्वतःच्या होणाऱ्या बायकोचं लग्न स्वतःच्याच तोंडानं दुसऱ्याशी लावून देणारा माणूस बघितलाय कधी? नाही ना? मग नीट बघून घ्या, तुमच्यासमोर बसून तो चहा पितोय!

सांगतो, सगळं सांगतो. आधी बशीत ओतून घेऊ दे.

माझा मावसभाऊ बाळू बोटीवर नोकरीला. विलायतेच्या बंदरात उतरला की माझ्यासाठी इंग्रजी कादंबऱ्या आणायचा. कसल्या? तर तिकडं टीव्हीवर एक मालिका चालते. आभाळात गाडी घेऊन हिंडणारा एक कॅप्टन, आज या ग्रहावर तर उद्या त्या! वर्षानुवर्षं चाललीय, संपायचं नाव नाही. तिच्या एकेका गोष्टीची तिथले लोक कादंबरी काढतात. आता आमच्या कडेगावात टीव्ही कुणी बघितलेला? पुण्यात आलाय म्हणे, एवढंच ऐकून होतो. पण त्या कादंबऱ्या वाचताना, अहो, मला झोप यायची नाही! मी हायस्कुलात इंग्रजीचा मास्तर. मुलांना क्रियापदं शिकवताना माझा एक पाय चंद्रावर असायचा.

इथपर्यंत सगळं छान होतं. घोटाळा केला तो चौरंगानं.

आमच्या घरी हौसाआत्याची पोथी असते. आईच्या माघारी मला आत्यानंच वाढवलं, त्यामुळं तिचा शब्द म्हणजे सरकारी हुकूम. तिला वाचता येत नाही. मी वाचायचं, ती आणि आळीतली पाचपंचवीस माणसं ऐकणार. पोथीत कुणी जन्मलं की बायका पाळणा म्हणणार, सुंठवडा वाटणार. लग्न लागलं की सगळ्यांनी अक्षता टाकायच्या. अशी आमची रीत.

त्या सालची पोथी संपली होती. चौरंग रिकामा दिसला, म्हणून संध्याकाळी मी त्यावर कादंबरी ठेवून वाचत बसलो. तेवढ्यात आत्या आली. चौरंगावर पुस्तक बघितलं आणि काही न विचारता त्याला हळदकुंकू वाहिलं!

"नवी पोथी व्हय रं? ह्यो काय कळस हाय?" मुखपृष्ठावरच्या अग्निबाणावर बोट ठेवून तिनं विचारलं.

"विमान आहे आत्या."

"देवाचं?"

इथं मी 'नाही' म्हणायला हवं होतं की नाही? एका शब्दाचं काम! पण मला हसू आलं, गंमत वाटली आणि मी म्हटलं, "तसंच समज."

झालं! आत्यानं पदर सावरला, हात जोडले. "वाच."

मी वाचायला लागलो. इंग्रजीवरून डोळे फिरवायचे आणि तोंडानं मराठी सांगायचं. आणि काय सांगू, माणसं अशी रंगली! तिसऱ्या दिवशी अंगणात बसायला जागा नाही. आमच्या शेजारचे म्हादू हवालदार, पलटणीतनं पेन्शनीत आलेले, ते तर पुढच्या रांगेत ताठ बसायचे. कॅप्टन हल्ला करायला निघाला की ओरडायचे, "आवं डाव्या अंगानं घ्या सायेब, डाव्या अंगानं!" हिरव्या राक्षसांनी कॅप्टनला धरलं त्या दिवशी दोन घरांत चूल पेटली नाही. मलाही चेव चढला. एक कादंबरी संपली की दुसरी, दुसरी संपली की तिसरी!

याच दिवसांत माझं लग्न ठरलं. लोणंदच्या कांद्याच्या व्यापाऱ्यांची, आबांची मुलगी. सुमन. मॅट्रिक झालेली, शिवाय हसली की... जाऊ दे, तो विषय वेगळा. थोडक्यात, मी हवेत होतो.

मुहूर्त जवळ आला आणि आत्यानं विचारलं, "पोथी कवा संपत्या?"

"का गं?"

"पोथी अर्धी ठिवून दारात मांडव घालायचा न्हाई. आपल्या घराची रीत हाय."

अहो, ती मालिका! विलायतेत इतकी वर्षं संपली नाही, ती माझ्या मुहूर्तापर्यंत संपणार होय? माझ्याकडच्या शेवटच्या कादंबरीत कॅप्टन कड्याला लोंबकळत होता, आणि पुढचं पुस्तक बाळूच्या ट्रंकेत, भर समुद्रात!

आत्याला हे सांगून बघितलं. ती म्हणाली, "मग लगीन फुडल्या साली करू. त्याला लोंबकळत ठिवून तू बाशिंग बांधणार? लाज न्हाई वाटत?"

एक वर्ष! मी ठरवलं, समाप्ती आपणच करून टाकायची. कुणाला कळतंय?

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला मी चौरंगापुढं बसलो. पुस्तक उघडलं, नजर पानावर रोवली आणि दिली ठोकून! कॅप्टन कड्यावरनं वर आला, राक्षस शरण आले, गाडी गोठ्यात लावली, कॅप्टन घरी परतला. "इति समाप्त!"

कुणी हलेना.

"आणि लगीन?" आत्या म्हणाली.

"कुणाचं?"

"कॅप्टनसायबाचं! येवढा आभाळभर हिंडला, त्याला रांधून घालाय कोण न्हाई? असली कसली समाप्ती!"

"बराबर हाय," हवालदार म्हणाले. "मास्तर, पान उलटा, फुडं आसंल."

मी पान उलटलं. "हो हो, आहे की! मग कॅप्टननं लग्न केलं."

"कुणासंगं? पोरीचं नाव काय?"

आता बघा, दिवसरात्र माझ्या डोक्यात एकच नाव. दुसरं आणायचं कुठनं? तोंडातनं गेलं, "सुमन."

"कुठली?"

"लोणंदची."

जीभ चावली, पण उशीर झाला होता! कुणीतरी म्हणालंसुद्धा, "मास्तरांची बी लोणंदचीच की." त्यावर आत्यानं त्याला गप्प केलं, "आरं, येका गावात काय येकच सुमन असत्या व्हय?" आणि ती आत पळाली, कुंकू लावलेल्या तांदळाचं ताट घेऊन आली. तांदूळ वाटून झाले. हवालदारांनी खड्या आवाजात मंगलाष्टक धरलं. सगळं अंगण उभं राहिलं. आत्याच्या डोळ्यांना तर धार!

नेमके त्याच वेळी, अहो त्याच वेळी, दारात कोण यावं? लोणंदचे आबा! लग्नाच्या तयारीचं बोलायला एस्टीनं आलेले. त्यांना बघायला कुणाला वेळ होता? कुणीतरी त्यांच्या मुठीत अक्षता कोंबल्या. "टाका पावणं, टाका!" आबांनी टाकल्या. सावधान झालं. मग त्यांनी शेजारी उभ्या हवालदारांना विचारलं, "कुणाचं लगीन म्हणायचं?"

"लोणंदच्या सुमनचं!" हवालदार खुशीत म्हणाले. "कॅप्टनसायबासंगं. लय मोठा माणूस."

आबांचा फेटा हलला. "कंचा कॅप्टन? कुठं असतो त्यो?"

हवालदारांनी बोट वर केलं. "वर."

"वर म्हंजी? वारला का काय?"

"छ्या! वर आभाळात. सवताची गाडी हाय."

आबांनी मला हुडकून काढलं. "मास्तर! माझ्या पोरीचं नाव ह्या पुस्तकात हाय का न्हाई? येक बोला!"

आता माझी पंचाईत बघा. 'आहे' म्हणावं, तर आबा लग्न मोडून चालते होणार. ज्या पोरीचं नाव परक्या माणसाशी गावासमोर जोडलं, ती पोर आबा आमच्या घरात कशी देणार? आणि 'नाही' म्हणावं, तर समोर आत्या! समाप्ती खोटी, म्हणजे पोथी अर्धी, म्हणजे मांडव नाही! एकीकडं आड, दुसरीकडं विहीर, आणि दोन्ही मीच खणलेली.

मी म्हटलं, "नाही आबा. ते मी मनचं घातलं."



"म्हंजी सायेब आजून लोंबकाळतोय?" आत्यानं विचारलं.

मी मान खाली घातली. आत्या ताट घेऊन आत गेली. आबा उलट पावली स्टँडवर गेले. हवालदार तेवढे थांबले, माझ्याकडं बघून म्हणाले, "मास्तर, पलटणीत आसता तर कोर्टमार्शल झालं आसतं." आणि तेही गेले.

तुम्ही हसताय, पण खरं सांगतो, मला रडू फुटायचं बाकी होतं. सुमन हातची गेली असं धरूनच मी रविवारी लोणंद गाठलं. पुरावा म्हणून सगळी पुस्तकं पिशवीत घातली होती. आबांना झालं ते सगळं सांगितलं. आत दाराआड बांगड्या वाजल्या, आणि सुमनचा आवाज आला, "ती पुस्तकं आत द्या म्हणावं."

पिशवी आत गेली. मी बाहेर बसलो. चहा आला, निवला. बऱ्याच वेळानं ती दारात आली, हातात पहिली कादंबरी, पानात बोट घातलेलं.

"आबा, लगीन मोडायचं न्हाई. पण माझी येक अट हाय. पोथी हितनं फुडं मी वाचणार. पयल्यापासनं."

आबा हसले हो! आणि आत्या? तिला निरोप गेला तशी तीही विरघळली. म्हणाली, "सून पोथी वाचाय येत्या म्हंजी मांडवाला आडकाठी कसली? त्ये तर पोथीचंच काम हाय."

लग्न झालं. सोळा आण्याचं झालं! आणि सत्यनारायण आटोपताच चौरंग मांडला गेला. चौरंगापुढं सुमन, मी आपला प्रसादाचं ताट घेऊन मागं. पहिली कादंबरी पुन्हा सुरू. लग्नासाठी रजा काढून आलेल्या बाळूनं नवी पुस्तकंही आणून दिली होती, कॅप्टन कड्यावरनं रीतसर वर येणार होता. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू!

पण चौथ्या दिवशी कॅप्टनच्या गाडीत एक नवाच माणूस निघाला. एक मास्तर. विचारलं नसताना उत्तर देणारा, दिसेल त्या खड्ड्यात पडणारा. राक्षसांना आपल्याच गाडीची किल्ली देऊन बसला! माणसं पोट धरधरून हसायला लागली.

"ह्यो कोण गं?" आत्या म्हणाली. "मागल्या खेपंला नव्हता."

"हुता की आत्याबाई," सुमन पानावरची नजर न काढता म्हणाली. "ह्यांनी गाळला हुता."

दुसऱ्या दिवशी मी शाळेला दांडी मारून सगळी पुस्तकं पालथी घातली. मास्तर कुठंच नव्हता! एका ओळीतसुद्धा नाही! सुमनला जाब विचारला, तर म्हणते, "तुमच्या पोथीत मी तरी कुठं हुते?"



मागच्या आठवड्यात समाप्ती झाली. कॅप्टन सुखरूप घरी आला, मोजून सगळी माणसं घेऊन आला. फक्त मास्तर एका ओसाड ग्रहावर विसरून राहिला होता. मला वाटलं, आता तरी कुणी हळहळेल. निदान हवालदार म्हणतील, गाडी मागं फिरवा.

सगळे आत्याच्या तोंडाकडं बघत होते. आत्यानं पोथीला नमस्कार केला आणि म्हणाली,

"ऱ्हाऊ दे तितंच. हितं तरी त्याचं काय काम हाय?"